स्वप्नातली झटापट अंथरुणावर

पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. सत्तरीतले गृहस्थ झोपेतच ओरडतात, हवेत ठोसे मारतात, कधी पलंगावरून कोसळतात. जागे केल्यावर सांगतात, ‘हरभऱ्यात रानडुकरे शिरली होती, हाकलत होतो.’ अशा वेळी कुणी बाधा शोधतो, तर लातूरकडे कुणी १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाची भीती आठवतो. आघाताची दुःस्वप्ने असतात, हे खरेच. पण उतारवयात नव्याने सुरू झालेल्या अशा हालचालींमागे बहुधा निराळे कारण असते.

आपण स्वप्ने पाहतो त्या झोपेत मेंदूचे खोड हातापायांचे स्नायू सैल करून ठेवते. हा लगाम सुटला की स्वप्न देहात उतरते. अमेरिकेतील डॉ. शेंक व डॉ. महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये माणसांतील या विकाराचे सविस्तर वर्णन केले.

नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे दाखवायला जाताना मोबाइलवर रात्रीचे चित्रण जरूर न्यावे. रुग्णाला स्वतःला आपल्या हालचालींची अनेकदा जाणीव नसते. घोरताना श्वास अडकल्यानेही अशीच धडपड होते, म्हणून निदान पक्के करण्यासाठी रात्रभराची निद्राचाचणी लागते. नैराश्यावरील काही गोळ्यांनीही हा त्रास उद्भवतो. मात्र त्या परस्पर बंद करू नयेत.

औषधांत मेलाटोनिन आणि क्लोनाझेपाम ही दोन प्रमुख. दुसऱ्याने वृद्धांचा तोल जातो, दिवसा गुंगी राहते, श्वास अडकण्याचा विकार बळावतो. तेव्हा शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर ते आणणे म्हणजे पडझडीला आमंत्रणच.

औषधाआधी खोली आवरा. अंथरूण जमिनीवर घाला. उशाची काठी, विळा, पितळी तांब्या दूर ठेवा. पत्नीने काही काळ वेगळे निजावे. चाळीस वर्षांच्या संसारात हे जड जाते, पण डोळ्यावर बसलेला ठोसा त्याहून जड.

एक गोष्ट लपवू नये. यातील अनेकांना काही वर्षांनी कंपवात किंवा विशिष्ट प्रकारचा स्मृतिभ्रंश होतो. वास न येणे, चाल मंदावणे, अक्षर बारीक होणे दिसल्यास मेंदूविकारतज्ज्ञांना सांगावे. रोग थोपवणारे औषध अजून नाही. नियमित व्यायाम मात्र सुरू ठेवावा.

आणि रात्री झटापट सुरू झाली, तर अंगाला हात लावू नका. दोन हात दूर उभे राहून नावाने हाक मारा, दिवा लावा.