समुद्राचा वरचा थर व आपलें मत



नकाशांत समुद्रास एकच निळा रंग दिलेला असतो. त्यामुळें तो बारा महिने एकसारखाच असावा, असें आपणांस वाटतें. वस्तुतः वारा व थंडी यांच्या योगानें त्याचें वरचें पाणी घुसळलें जातें, आणि कांहीं खोलीपर्यंत त्याचें उष्णमान व खारटपणा जवळजवळ सारखा होतो. या भागास मिश्र थर म्हणतात. ऋतूंप्रमाणें तो जाड-पातळ होत असतो.

आपला अरबी समुद्रच पाहा. वैशाखांत ऊन प्रखर व वारा मंद असतो. तेव्हां त्याच्या मध्यभागीं हा थर अवघा २०-३० मीटर असतो, व वरच्या पाण्याचें उष्णमान ३० अंशांच्या घरांत जातें. पुढें नैर्ऋत्येचे वारे सुटले म्हणजे तोच थर ८० मीटर किंवा त्याहूनही खोल जातो आणि पाणी निवतें. पावसाळा सरल्यावर तो पुन्हां पातळ होतो. मग पौष-माघांत उत्तर भागांतील पाणी कोरड्या, थंड वाऱ्यानें जड होऊन खालीं बसतें व थर दुसऱ्यांदा जाड होतो. या घुसळणीनें खालचीं पोषक द्रव्यें वर येतात, त्यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्या आधारें मासे जगतात, आणि माशांवर कोळ्याची चूल पेटते.

वादळासही बळ मिळतें तें या उष्ण पाण्यांतूनच. उष्ण थर पातळ असला तर वादळ स्वतःच खालचें थंड पाणी वर आणून आपला जोर घालवितें. जाड असला तर तसें सहसा घडत नाहीं. ३ जून २०२० रोजीं अलिबागेजवळ येऊन थडकलेलें ‘निसर्ग’ वादळ ज्यांनीं सोसलें, त्यांना या थराची खोली केवळ परीक्षेपुरती वाटणार नाहीं.

मनुष्याच्या करणीनें पृथ्वीवर जी जादा उष्णता कोंडली आहे, तिचा शेंकडा ९० हून अधिक भाग समुद्रानें पोटांत घेतला आहे. तेव्हां वरचें पाणी तापून हलकें होईल, खालच्या पाण्यांत मिसळणार नाहीं, आणि थर पातळ होईल, हा तर्क कोणासही पटेल. पंडितांनाही तो पटला होता. परंतु १९७० ते २०१८ पर्यंतच्या मोजमापांचा एक अभ्यास २०२१ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत निराळेंच दिसलें. जगांतील समुद्रांत उन्हाळ्यांत वरच्या व खालच्या पाण्यांमधील अडसर बळकट झाला होता खरा. पण थर पातळ न होतां दर दहा वर्षांस ५ ते १० मीटर खोल गेला होता. वाऱ्याची घुसळण वाढली असावी, असा त्या अभ्यासकांचा कयास आहे.

हें कळलें कसें? जहाजांवरील नोंदींनीं, आणि ‘आर्गो’ नांवाच्या सुमारें ४,००० स्वयंचलित यंत्रांनीं. तीं दर दहा दिवसांनीं २,००० मीटरांपर्यंत बुडी मारतात, व वर येतांना पाणी मोजून उपग्रहामार्फत खबर पाठवितात.

आमच्या मतें शास्त्रशिक्षणाचें मर्म येथेंच आहे. तर्क अवश्य करावा, पण मोजल्यावांचून त्यास सत्य म्हणूं नये. पालकांस विनंति कीं, मूल पाऊस मोजीत बसलें तर त्याचे गुण किती, असें विचारूं नका. एका दिवसाच्या नोंदीची किंमत थोडी. पन्नास वर्षांच्या नोंदींनीं पंडितांस आपलें मत पुन्हां तपासावयास लावलें. येत्या मृगापासून शाळेच्या आवारांतील पाऊस रोज वहींत लिहावयाचा, एवढा निश्चय प्रत्येक वर्गानें करावा.