फासातील चकोत्री

काही वर्षांपूर्वी एका शालेय चित्रकला स्पर्धेच्या परीक्षणाचे काम आमच्याकडे आले होते. विषय होता ‘रानातील पक्षी’. बहुतेक मुलांनी पिसारा फुलवलेला मोर काढला होता. एका कातकरी विद्यार्थ्याने मात्र करवंदीच्या जाळीखाली फासात पाय अडकलेली चकोत्री, म्हणजे रानकोंबडीच्या कुळातील पाखरू, रंगवले होते. डोळ्याभोवतीची तांबडी कातडीसुद्धा त्याने सोडली नव्हती. ‘हिंसक चित्र’ असा शेरा मारून आम्ही ते बाजूला सारले. तो निर्णय चुकीचा होता, हे येथे नमूद करणे आम्हांस कर्तव्य वाटते.

शिकारीच्या पाखरांची चित्रे पुष्कळदा राजाश्रयाने रंगली. जहांगीर बादशहा शिकारीचा शौकीन. त्याच्याच दरबारात उस्ताद मन्सूरने पक्ष्यांची अप्रतिम चित्रे काढली. युरोपातील धनिकांच्या घरी मारलेल्या तित्तिरांची चित्रे भिंतीवर मिरवत. ती हिंसा कुणाला खटकली नाही. तिला कला म्हटले गेले.

आपला वारसा निराळा आहे. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात हंसजातक चितारलेले आहे. फासात सापडलेल्या हंसराजाला त्याचा सोबती सोडून जात नाही, हे पाहून व्याधाचे मन द्रवते. ही कथा फास लपवीत नाही आणि व्याधाला राक्षसही ठरवीत नाही.

आपल्या नालासोपाऱ्यात, प्राचीन शूर्पारकात, पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पूर्वीचे राजे मृगयेच्या सहली काढीत, आपण त्याऐवजी धम्मयात्रा आरंभिल्या, असे तो लेख सांगतो. मौजेची शिकार सोडली ती राजाने. आपण मात्र अहिंसेचा पहिला पाठ भुकेल्याला देऊ लागतो!

पालघर जिल्ह्यातीलच गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वारली चित्रांत शेती, मासेमारी, शिकार सारे एकाच पांढऱ्या पिठाने उमटते. त्या भिंतींचे कौतुक करणाऱ्यांनी त्याच जीवनातून आलेल्या मुलाच्या कागदाला नाक मुरडावे, हा कुठला न्याय?

तुंगारेश्वरचे रान आज अभयारण्य आहे. तेथे पाखरू धरणे गुन्हा आहे, हे मुलांना शिकवलेच पाहिजे. परंतु चित्रकलेचा एखादा तास त्या रानाच्या कडेला, वही घेऊन, गप्प बसून व्हावा. पाखरांच्या वाटा ज्याला ठाऊक आहेत, त्या मुलाने त्या दिवशी पुढे चालावे. आम्ही शिक्षकांनी मागून जावे. करुणेची सुरुवात नीट पाहण्यापासून होते, आणि त्या मुलाने आमच्यापेक्षा नीट पाहिले होते.