निवृत्त सैनिकाचें वजन आणि घरचें ताट

पलटणींतील शिपाई पुष्कळदां चाळिशीच्या आसपासच निवृत्त होऊन घरीं परततो. ज्या वयांत इतर नोकरदार बढतीची वाट पाहत असतात, त्या वयांत हा गृहस्थ पेन्शन घेऊन धाराशिव जिल्ह्यांतील तुळजापूर, भूम किंवा परंड्याकडील आपल्या गांवीं येतो. दोनचार वर्षांत त्याचा जुना कमरपट्टा लागेनासा होतो, आणि घरचीं माणसें म्हणतात, "आतां कुठें अंगाला लागलें!" या कौतुकाविषयींच आम्हांस आज दोन शब्द लिहावयाचे आहेत.

पलटणींत पहांटे बिगूल वाजे, कवाईत होई, आणि त्या श्रमास साजेशी भूक शरीरास जडे. घरीं आल्यावर बिगूल थांबतो, भूक मात्र थांबत नाहीं. तेव्हां दोष आळसाचा नव्हे. बाहेरून लावलेली शिस्त एकाएकीं सुटली, हें खरें कारण होय. आपल्याकडील पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरांपलीकडे गेली कीं मधुमेह व हृदयविकार यांचा धोका वाढतो, असें आजचें वैद्यक सांगतें.

अमेरिकेंत माजी सैनिकांच्या सरकारी खात्यानें २००६ सालापासून 'मूव्ह' नांवाचा उपक्रम देशभर चालविला आहे. त्याचा भर सवयी बदलण्यावर आहे. खाल्लेलें टिपून ठेवणें, नियमानें वजन करणें, एका वेळीं लहानसाच संकल्प करणें, आणि इतर माजी सैनिकांत बसून त्याचा हिशेब देणें, अशी त्याची रीत. अशा रीतीस आधारही आहे. रक्तांतील साखर वाढूं लागलेल्या ३,२३४ लोकांवर तेथें झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. शेंकडा ७ वजन उतरविणें आणि आठवड्यास १५० मिनिटें चालणें किंवा तत्सम व्यायाम करणें, एवढेंच ध्येय ज्यांस दिलें होतें, त्यांच्यांत नव्यानें मधुमेह होण्याचें प्रमाण शेंकडा ५८ नीं घटलें.

आपल्याकडे माजी सैनिकांसाठीं २००३ सालीं अंशदायी आरोग्ययोजना सुरू झाली. तिच्यामुळें दवाखाना व औषध मिळतें. परंतु दवाखाना कांहीं रोज ताटापाशीं येऊन बसत नाहीं. एकत्र कुटुंबांत किती खावें हें जेवणारा ठरवीत नाहीं, वाढणारीं ठरवितात. "नको" म्हटलें तर काकूंस वाईट वाटतें, आणि तुपाची धार थांबली तर आजींस वाटतें, मुलाची आबाळ झाली. आपल्या जिल्ह्याची ज्वारीची भाकरी निर्दोष आहे. घात होतो तो आग्रहाच्या तिसऱ्या भाकरीनें, दिवसांतून पांच वेळां होणाऱ्या गोड चहानें आणि भूमकडच्या खव्याच्या पेढ्यांनीं.

म्हणून आमची सूचना अशी कीं, त्यांचें पथ्याचें ताट वेगळें मांडूं नये. वेगळें ताट म्हणजे शिक्षा वाटते. तेल, तूप, साखर सर्वांच्याच ताटांत थोडी कमी करावी. दर सोमवारीं वजन करून तें भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहावें. गांवांत दुसरे माजी सैनिक असल्यास ऊन चढण्यापूर्वीं त्यांनीं मिळून चालावें. जुन्या सोबत्यांत पाऊल आपोआप उचललें जातें. मधुमेहाचें औषध चालू असल्यास मात्र आहार घटविण्यापूर्वीं डॉक्टरांस अवश्य विचारावें.

एखाद्या आठवड्यांत वजन उतरलें नाहीं तर कोणीं टोमणा मारूं नये. पलटणींत सोबती मागें पडला तर त्यास हात देतात. घरानेंही तेंच करावें.