पैसे गेले का?

“पैसे गेले का?” पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी शेजारच्या मावशींना विचारलं. मावशी नाही म्हणाल्या. “खात्यातून काही कट झालं? ओटीपी दिलात कुणाला?” तेही नाही. “मग तक्रार कशाची लिहू?” असं म्हणून त्यांनी पेन खाली ठेवलं. बोलणं सौजन्याचं होतं, पाणीही विचारलं. त्या माणसावर माझा राग नाही. दिवसभर त्यांच्यासमोर पैसे गेलेलीच माणसं येऊन बसतात. राग आहे तो या प्रश्नाचा, कारण या आठवड्यात जिथे जिथे गेलो तिथे तिथे तोच पहिला होता, आणि त्याचं उत्तर ‘नाही’ आलं की पुढचं कुणी ऐकूनच घेत नव्हतं.

मावशींची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या एका लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त देऊन आल्या. तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या पुढे निघाली. घरी सांगितलं नाही. मुलाची बढतीवर हैदराबादला बदली ठरत होती. आईची साखर कळली तर तो नाही म्हणेल, हे त्या ओळखून होत्या. रिपोर्ट देवघराच्या खणात पोथीखाली ठेवला, गोळ्या सुरू केल्या, भात सोडला आणि घरात ॲसिडिटीचं कारण सांगितलं. मग एका दुपारी फोन आला तो सुनेने उचलला. ‘डॉक्टरांच्या ऑफिसातून बोलतोय’ म्हणणाऱ्याने मावशींचं पूर्ण नाव सांगितलं, वय सांगितलं, साखरेचा आकडा दशांशासकट सांगितला आणि साखर मुळापासून घालवणारा कोर्स देऊ केला. सुनेने फोन ठेवून दिला. एक पैसाही गेला नाही. संध्याकाळी घरात जे व्हायचं ते झालं. मुलाने बदलीला होकार अजून कळवलेला नाही.

काही दिवसांनी लॅबचा ईमेल आला. आमच्या प्रणालीत अनधिकृत प्रवेश झाला असण्याची शक्यता आहे, आपली गोपनीयता आमच्यासाठी सर्वोच्च आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. संपलं. काय गेलं, कधी गेलं, फक्त फोन नंबर गेला की रिपोर्टही गेले, आता मावशींनी काय करायचं, यातलं एक अक्षर नाही. खाली विचारपूस करायला नंबर नाही आणि ‘या ईमेलला उत्तर देऊ नये’ अशी सूचना आहे. ज्या माणसाच्या शरीराची माहिती तुमच्या हातून गेली, त्याने उत्तरही द्यायचं नाही! मी हा ईमेल मावशींना मोठ्याने वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, “म्हणजे त्या फोनवाल्याला यांच्याकडूनच कळलं का?” एवढं साधं उत्तरही त्या पत्रात नव्हतं.

अशा वेळी करायच्या गोष्टी आहेत, त्या भराभर सांगते. लॅबच्या संकेतस्थळाचा पासवर्ड बदला, आणि तोच आणखी कुठे वापरला असेल तर तिथलाही. पैसे गेले असतील तर क्षण न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. चूक तुमची होती हे सिद्ध करण्याचं ओझंही बँकेवर आहे. सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर जाऊन आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघा. सिबिलसारख्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पतअहवाल फुकट मिळतो, तो मागवा. न घेतलेलं कर्ज तिथे दिसतं. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. आणि कंपनीकडे लेखी विचारा: माझी कोणती माहिती गेली, कधी गेली. पुढे कुठेही दाद मागायची तर हा कागद लागतो.

आम्ही पोलीस ठाण्यातून रिकाम्या हाताने उठलो नाही. पोच घेतल्याशिवाय मी कुठून हलत नाही. अर्जात आयटी कायद्याचं कलम ७२-ए लिहिलं होतं. कराराने हाती आलेली वैयक्तिक माहिती, गैर फायदा किंवा गैर नुकसान होईल हे ठाऊक असताना परवानगीशिवाय दुसऱ्याला दिली, तर पंचवीस लाखांपर्यंत दंड. लॅबमधल्याच कुणी यादी विकली असेल तर हेच कलम लागतं. हवालदारांनी ते दोनदा वाचलं, आतल्या साहेबांना दाखवून आणलं आणि अर्जावर शिक्का मारून दिला. म्हणजे पैसे गेले नसतानाही लिहून घेता येतं.

पण पोलीस गुन्हेगार शोधतील. मावशींचं जे गेलं त्याची भरपाई कोण देणार? आज त्यासाठी एक कलम आहे, आणि ते जाणार आहे. आयटी कायद्याचं ४३-ए. संवेदनशील माहिती सांभाळताना कंपनीने हलगर्जीपणा केला आणि त्यातून कुणाचं गैर नुकसान किंवा कुणाचा गैर फायदा झाला, तर कंपनीने भरपाई द्यायची. २०११ च्या नियमांत वैद्यकीय नोंदी संवेदनशील माहितीत स्पष्टपणे धरल्या आहेत. पाच कोटींपर्यंतचा दावा ऐकण्याचा अधिकार राज्याच्या आयटी सचिवांना आहे, म्हणजे आपल्याकडे मंत्रालयात. हे कागदावरच राहिलेलं कार्यालय आहे असं समजू नका. २०१३ मध्ये तिथूनच पुण्याच्या एका कारखानदाराला बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत असा आदेश निघाला होता. त्याच्या खात्यातून ८० लाखांवर रक्कम गेली होती. फसव्या ईमेलला त्याने उत्तर दिलं होतं, म्हणून थोडा भार त्याच्यावरही टाकला. पण चोरांची खाती नीट न तपासता उघडली गेली, त्याचा जाब बँकेला द्यावा लागला. आपल्या किती वकिलांनी अशिलाला हे दार दाखवलं असेल?

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा पूर्ण लागू झाला की ४३-ए रद्द होतं. नव्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, मे २०२७ मध्ये अमलात येतील. त्यात चांगलं आहे, नाही असं नाही. माहिती फुटली की बाधित माणसाला विनाविलंब, सोप्या भाषेत कळवायचं: काय झालं, कधी झालं, त्याचे परिणाम काय होतील, त्याने स्वतःला जपण्यासाठी काय करावं आणि कुणाशी बोलावं. मावशींना आलेल्या पत्रात नेमकं जे नव्हतं ते सगळं. माहिती नीट न राखणाऱ्या कंपनीला अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे. पण हा दंड जातो भारताच्या एकत्रित निधीत, सरकारी तिजोरीत. मावशींना त्यातला एक रुपया नाही. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली असं ठरलं तर दहा हजारांपर्यंत दंड तक्रारदारालाच. मला हे सरळसरळ अन्यायाचं वाटतं. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये दिलेल्या मसुद्यात बाधिताला भरपाई मागण्याचा हक्क होता. युरोपच्या कायद्यात तर पैशांत न मोजता येणाऱ्या त्रासाचीही भरपाई मागता येते. आपल्याकडे मसुद्यामागून मसुदे आले आणि शेवटच्या मसुद्यातून नुकसान सोसणारा माणूसच बाहेर पडला.

उरतो ग्राहक आयोग. विश्वासाने दिलेली माहिती परस्पर दुसऱ्याला देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि माहिती सांभाळता न येणं ही सेवेतली त्रुटी आहे असा वाद घालता येतो. वकील लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मानसिक त्रासाची भरपाई मागायला जागा आहे ती इथेच. मावशींचा अर्ज आम्ही लिहायला घेतला आहे. “मला पैसे नकोत गं,” त्या म्हणतात, “त्यांनी येऊन माझ्या मुलाला सांगावं, तुमच्या आईची चूक नव्हती.” अर्जात तसं मागता येतं का, ते मी विचारून ठेवलंय.

अर्जाला जोडायला लॅबचा फॉर्म काढला आणि एक गोष्ट दिसली. रक्ततपासणीच्या फॉर्मवर आधार क्रमांकाचा रकाना होता, आणि मावशींनी तो बाराही आकड्यांनी भरला होता. साखर मोजायला आधार कशाला? मावशी म्हणाल्या, “काउंटरवरच्या मुलीने मागितली, दिली झेरॉक्स.” आपण सगळे देतो. लॉजवर देतो, हॉलच्या बुकिंगला देतो. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरू कार्यालयाने, आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, फक्त शेवटचे चार आकडे दिसतील असं मास्क केलेलं आधार द्या, अशी सूचना काढली होती. दोनच दिवसांत, तिचा गैरअर्थ निघू शकतो म्हणून सरकारने ती मागे घेतली. इतकी शहाणपणाची सूचना मागे का घ्यावी? मास्क केलेलं आधार आजही प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवता येतं आणि ते वैध आहे. लोकांना ठाऊकच नाही.

आणि मग मी आमच्याच सोसायटीच्या ऑफिसात गेले. आमचे सेक्रेटरी सज्जन गृहस्थ आहेत. त्यांच्यामागचं कपाट उघडं होतं. त्यात इमारतीत घरकामाला येणाऱ्या सगळ्या बायकांच्या आधारच्या झेरॉक्स, फोटो लावून, मोबाइल नंबर लिहून, आणि प्रत्येकीवर अंगठा किंवा सही. अंगठासुद्धा! आधार क्रमांक आणि बोटाचा बनावट ठसा, एवढ्यावर बँक मित्राच्या यंत्रातून पैसे काढल्याची प्रकरणं देशभर झाली आहेत. ओटीपी लागत नाही. याच बायकांच्या आधारशी जोडलेल्या खात्यात लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात. मी माझ्याकडे येणाऱ्या ताईंना बायोमेट्रिक लॉक करून द्यायला बसले, तर त्यांनी हात धरला. “ताई, मग रेशनला अंगठा कसा लागायचा?” खरंच आहे. दुकानात जाण्याआधी लॉक उघडायचं, आल्यावर लागलंय ना ते बघायचं, आणि त्यांचा स्मार्टफोन असतो मुलाकडे, तो दिवसभर कामावर. तुम्हा-आम्हाला एका मिनिटाचा वाटणारा उपाय त्यांना रांगेत उभं राहून रेशन चुकण्याच्या भीतीचा आहे. ज्यांनी झेरॉक्स घेतली, ती सांभाळायचं काम त्यांचंच असायला हवं.

सेक्रेटरींशी तासभर बोलले. “पोलिसांनी नोंद ठेवायला सांगितलीय,” ते म्हणाले. नोंद ठेवा, पण नोंदीला नाव, फोटो आणि मास्क केलेलं आधार पुरतं. ठशाची गरज काय? त्यांना पटलं. कपाटाला कुलूप त्याच संध्याकाळी लागलं. फाटकावरच्या वहीतला मोबाइल नंबरचा रकानाही पुढच्या महिन्यापासून जाणार आहे, कारण ती वही टेबलावर उघडी असते आणि पार्सल देणारा कुणीही पान उलटून फोटो काढू शकतो. अडलंय ते जुन्या कागदांवर. अनेक वर्षांच्या वह्या मीटरच्या खोलीत आहेत, आणि त्या रद्दीत विकून दिवाळीच्या रोषणाईला पैसे लावायचे असा समितीचा विचार होता. ठशांच्या झेरॉक्स आणि वह्या सगळ्यांसमोर फाडून त्यांचा लगदा करावा, असा ठराव मी दिला आहे. तो येत्या सर्वसाधारण सभेत येईल. आमच्या सोसायटीतले जे सभासद हे सदर वाचतात त्यांनी कृपया वेळेवर यावं. मागच्या सभेला गणपूर्तीच झाली नव्हती.