पहिल्या सिगारची अर्धी आठवण

पहिल्या सिगारच्या आठवणींचे गद्य आता साचेबंद झाले आहे. वडीलधाऱ्याने पुढे केलेली सिगार, पहिला ठसका, मळमळ आणि अखेर पुरुषांच्या मैफलीत मिळालेला प्रवेश. या लेखनाला रसिकतेचा पुरावा मानण्यास आमचा विरोध आहे. ओठांपासून सुरू होणारी ही आठवण सिगार वळणारे हात पुसून टाकते.

हवानाचेच उदाहरण घेऊ. तेथील कारखान्यांत १८६५ पासून कामगार तंबाखूची पाने वळत असताना त्यांना वर्तमानपत्रे व कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवल्या जात. वाचणाऱ्याचे वेतन कामगार स्वतःच्या कमाईतून देत. स्पॅनिश सत्तेला हे वाचन इतके धोक्याचे वाटले की १८६६ मध्ये त्यावर बंदी आली. १९३५ मध्ये आलेल्या 'माँटेक्रिस्टो' सिगारला अलेक्झांद्र द्यूमाच्या कादंबरीचे नाव मिळाले, तेही याच श्रोत्यांच्या आवडीमुळे, असे सांगतात.

आस्वादकाने कारखान्याची उठाठेव कशाला करावी, असे कुणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. ज्यांनी पदरमोड करून साहित्य ऐकले, त्यांना वगळून लिहिलेली आठवण सिगारची नव्हे, केवळ धुराची असते.