संगणकातले हृदय

सर्दी-शिंकांवरचे टर्फेनाडीन हे औषध १९८५ साली अमेरिकेत विक्रीला आले. जुन्या गोळ्यांसारखी त्याने गुंगी येत नसे; साहजिकच ते भरपूर खपले. पुढे १९९० च्या सुमारास डॉक्टरांच्या ध्यानात आले, की बुरशीवरच्या केटोकोनॅझोलबरोबर ते घेतले तर हृदयाची लय बिघडू शकते, क्वचित मृत्यूही ओढवतो. १९९८ मध्ये ते तिथल्या बाजारातून गेले. तेरा वर्षे!

घडत होते ते असे. एरवी यकृत टर्फेनाडीनचे झपाट्याने फेक्सोफेनाडीन करून टाकते. (हे दुसरे औषध निर्धोक ठरले, आपल्याही घरातल्या औषधांच्या डब्यात ते असेल.) पण केटोकोनॅझोल यकृतातले ते एन्झाइमच अडवून बसते. मग मूळ औषध रक्तात साचते आणि हृदयाच्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर पडण्याची वाट रोखते.

हा हिशेब आता संगणकावर आधीच मांडता येतो. डेनिस नोबल यांनी लंडनमध्ये १९६० सालीच हृदयपेशीचे ठोके समीकरणांत बसवले होते. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ६२ औषधे अशा आभासी मानवी पेशींवर तपासली. लय बिघडवणारी कोणती, हे ८९ टक्के बरोबर निघाले. प्राण्यांवरील चाचण्यांपेक्षा हे सरस होते. अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस प्राण्यांवरील चाचण्यांची कायदेशीर सक्ती काढली, तर भारताने मार्च २०२३ मध्ये नियम बदलून संगणकीय पद्धतींना वाट करून दिली. मुक्या जनावरांचा छळ कमी होईल, हे चांगलेच.

माझी हयात बँकेत गेली. संगणक आले आणि बेरजा चुकेनाशा झाल्या. पण जो व्यवहार खात्यात नोंदलाच नाही, त्याचा ताळा यंत्र कुठून देणार? आपल्याकडचे सत्तरीचे आजोबा रक्तदाबाची, मधुमेहाची, गुडघ्याची अशा गोळ्या घेतात, वर शेजाऱ्याने सुचवलेला काढा. मूत्रपिंड थकलेले. अनेक आजार असलेल्या वृद्धांना औषधांच्या चाचण्यांतून पुष्कळदा वगळले जाते. मग आभासी माणूस तरी कोणाच्या नोंदींवरून घडणार? खरे तर संगणकाचा मोठा उपयोग इथेच आहे. जी जोडऔषधे माणसाला मुद्दाम देऊन पाहणे पाप ठरेल, ती तिथे बिनधास्त देता येतात. त्यासाठी कंपनीने आपला आभासी रुग्ण किती वर्षांचा होता, त्याचे यकृत-मूत्रपिंड कसे धरले आणि सोबत कोणती औषधे दिली, हे परवानगीच्या अर्जात लिहावे. तेवढे लिहून घेणे नियंत्रकांना मुळीच अवघड नाही.