पुढच्या वेळी हो म्हणा

कॉलेजात प्रिंटर अडला की संगणक शिकवणाऱ्याला हाक मारतात, नियम ठरवायची बैठक असली की विसरतात. आठवण झालीच, तर तोच अंग काढून घेतो. ‘ते राजकारण आपल्याला झेपायचं नाही’ असं म्हणत मीही बरीच वर्षं लॅबमध्ये दडी मारली. त्यामुळे हे सांगणं आधी स्वतःला आणि मग तुम्हाला: विभागप्रमुखपद, परीक्षेचं काम, अधिष्ठात्याची खुर्ची, जे समोर येईल त्याला पुढच्या वेळी हो म्हणा.

मारिया क्लावे यांचंच बघा. मूळच्या कॅनडाच्या. १९७७ साली गणितात पीएच.डी., मग काही वर्षं आयबीएमच्या प्रयोगशाळेत संशोधन, आणि १९८८ मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात संगणकशास्त्राच्या विभागप्रमुख. पुढे तिथेच विज्ञान शाखेच्या अधिष्ठाता, नंतर प्रिन्स्टनला अभियांत्रिकीच्या. २००६ मध्ये त्या कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि २०२३ पर्यंत राहिल्या. (बैठक चालू असताना त्या जलरंगात चित्रं काढतात. लांबलेल्या बैठकीवर याहून चांगला उतारा मला ठाऊक नाही.)

त्या आल्या तेव्हा तिथे संगणकशास्त्र घेणाऱ्यांत मुली दहा टक्क्यांच्या आसपास होत्या. काही वर्षांतच चाळीस टक्के झाल्या. शिक्षकांनी पहिल्या सत्राचा कोर्सच नव्याने बांधला. जावा काढून पायथन आणली. आधी प्रोग्रॅमिंग केलेल्यांचे वर्ग वेगळे, पाटी कोरी असलेल्यांचे वेगळे. तरीही वर्गात सगळी उत्तरं देऊन टाकणारा एखादा हुशार गडी असायचाच. त्याला एकट्याला गाठून सांगायचे, की तुझ्याशी बोलायला मजा येते, पण ते तासानंतर बोलू, बाकीची मुलं बुजतात. पहिल्या वर्षाच्या मुलींना ग्रेस हॉपर यांच्या नावाने भरणाऱ्या, संगणकक्षेत्रातल्या स्त्रियांच्या परिषदेला नेऊ लागले.

यातला अभ्यासक्रम क्लावेबाईंनी लिहिलेला नाही. ते काम शिक्षकांचं, आणि श्रेयही त्या त्यांनाच देतात. पण आपण काय करतोय हे न समजावताही कळेल, त्यासाठी पैसे उभे करील असं माणूस वर बसलेलं होतं. शिकवणाऱ्यांना एवढं पुरतं.

त्या खुर्चीत सगळं गोड नसतं. २०१७ मध्ये अभ्यासाच्या ओझ्यावरून हार्वी मडचे विद्यार्थी इतके चिडले, की तास दोन दिवस बंद ठेवावे लागले.

त्याच २०१७ मध्ये इकडे मुंबई विद्यापीठाने परीक्षांच्या तोंडावर सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचं ठरवलं. निकाल लावायची ३१ जुलैची मुदत टळली, काही निकाल महिनोन्‌महिने रखडले, परदेशी प्रवेश घेतलेली मुलं हवालदिल झाली. ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. लोकांनी संगणकाला नावं ठेवली. संगणकाचा काय दोष? नवी पद्धत आधी एका विषयावर चालवून बघावी, जुनी तोवर हाताशी ठेवावी, हे दुसऱ्या वर्षाचा पोरगाही तोंडी परीक्षेत घडाघडा सांगतो. ते ठणकावून सांगणारा, आणि ज्याचं ऐकावंच लागेल असा माणूस निर्णयाच्या वेळी तिथे हवा होता. तो कुठून येणार, तुम्ही-आम्ही लॅबमध्ये दडून बसलो तर?

एक धोका मात्र आपल्याच लोकांचा. खुर्ची मिळाली, की आपण पहिल्या आठवड्यात नवं सॉफ्टवेअर मागतो. थोडं थांबा. आधी परिनियम आणि अध्यादेश नीट वाचा. कंटाळवाणे असतात, पण विद्यापीठ खरं त्यांच्यावर चालतं. मार्कशीटमधली नावाची चूक दुरुस्त व्हायला किती टेबलं लागतात, ते कागदाबरोबर स्वतः फिरून मोजा. जुन्या हेडक्लार्कशी चहा घ्या. त्या विभागाचा खरा फ्लोचार्ट त्यांच्या डोक्यात असतो आणि तो आजवर कोणी विचारलेला नसतो. आठवड्याचा निदान एक तास शिकवणं सोडू नका.

आणि एखाद्या दुपारी, ओळख न देता, विद्यार्थ्यांच्या खिडकीसमोरच्या रांगेत उभे राहा. जेवणाची सुट्टी संपून खिडकी किती वाजता उघडते ते कळेल.